कोड तयार होण्याआधी त्याचा टाइप

(दृश्य: उद्यमबागेतली फाउंड्री. लाकडी पॅटर्नभोवती वाळू ठोकली जातेय.)

बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगच्या आधी पॅटर्न बनतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाला माप थोडं वाढवूनच घेतो. इथं राहिलेली चूक प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरते.

(दृश्य: टिळकवाडीतली खोली. लॅपटॉपवर हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा.)

इंजिनीअरिंगची ही विद्यार्थिनी कोडचा पॅटर्न लिहितेय: कंपाइल होतानाच चालणारा आणि नवा कोड रचणारा प्रोग्राम.

हास्केलमध्ये बहुतेक ठिकाणी टाइप, म्हणजे किंमत आकडा आहे की मजकूर हे सांगणारा प्रकार, लिहावा लागत नाही; कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम, तो वापरावरून ताडतो. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ साली मांडलेल्या या पद्धतीला तपासायचा कोड मात्र समोर हवा. इथं तो अजून तयारच व्हायचाय!

तिचं उदाहरण प्रिंटएफचं, म्हणजे दिलेल्या साच्यात (फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये) किंमती भरून मजकूर बनवणाऱ्या फंक्शनचं. फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये आकड्याची आणि नावाची जागा असेल, तर फंक्शनला पूर्णांक आणि स्ट्रिंग हवी; दोन्ही जागा आकड्यांच्या असतील, तर दोन पूर्णांक. टाइप ठरतो तो स्ट्रिंगच्या आतल्या मजकुरावर. टिम शीअर्ड आणि सायमन पेटन जोन्स यांच्या २००२ च्या टेम्पलेट हास्केलमध्ये, म्हणजे हास्केलच्या कोड रचणाऱ्या जोडणीत, ही स्ट्रिंग कंपाइल होतानाच वाचून फंक्शन रचता येतं. पण रचणाऱ्याचा टाइप एवढंच सांगतो की यातून एक एक्स्प्रेशन निघेल. कसलं, ते कळतं कोड बाहेर पडल्यावर.

"अक्का, मी एकच ओळ लिहिली, आणि एरर मी न लिहिलेल्या कोडचा येतोय की!"

"अगं, त्या ओळीला टाइप लिहून टाक. कुठं बिनसलं ते तरी कळंल."

शिवाय हास्केलचा कंपायलर जीएचसी हे साधे स्प्लाइस, म्हणजे रचलेला कोड जिथं घातला जातो त्या जागा, टाइप तपासण्याआधीच चालवतो. त्यामुळे शेजारच्या लोकल व्हेरिएबलचा ताडलेला टाइप त्यांना विचारता येत नाही.

२०१४ मध्ये जीएचसी ७.८ सोबत टाइप असलेले कोट, म्हणजे अवतरणात ठेवलेले कोडचे तुकडे, आले. त्यात कोडच्या तुकड्याला स्वतःचा टाइप असतो, आणि चूक तुकडा लिहितानाच पकडली जाते. मला हाच मार्ग आधी निवडावासा वाटतो, कारण एरर पॅटर्न करणाऱ्याला दिसायला हवा, वापरणाऱ्याला नव्हे. त्याची किंमतही आहे. अशा कोटमधून नवी डिक्लेरेशन्स (नव्या फंक्शनच्या किंवा टाइपच्या व्याख्या) काढता येत नाहीत. आणि टाइप आधीच ठरलेला असावा लागतो, म्हणून तिचा प्रिंटएफ आहे तसा बसतच नाही. फॉरमॅट साध्या स्ट्रिंगऐवजी टाइप सोबत वागवणाऱ्या रचनेत द्यावा लागतो.

(दृश्य: ती फॉरमॅटसाठी नवा डेटा टाइप लिहायला घेते.)