बसऱ्याहून परतलेली माणसे

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील काही जुन्या गावांत भिंतीत बसवलेला एक लहानसा संगमरवरी फलक अजूनही पाहायला मिळतो. त्यावरचा मजकूर इंग्रजी अमदानीतला आणि ठरावीक आहे: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. गावागणिक आकडे बदलतात, वाक्य मात्र तेच राहते. ज्याच्या नावापुढे लोक आजही ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात, त्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. या फलकांवरील दोन आकड्यांची वजाबाकी केली की, जिवंत परतलेल्यांची संख्या हाती येते. हे निवेदन त्या वजाबाकीत उरलेल्या माणसांविषयी आहे. त्यांनी पाहिलेले युद्ध आणि त्यांच्या घरी, गावात, देशात लोकांनी मनाशी रंगवलेले युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

त्यांच्यापैकी पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या फौजेतून तुर्कांविरुद्ध लढले. युद्धाच्या काळात भारतातून तिकडे जवळपास ६ लाख माणसे पाठवण्यात आली आणि त्यांतील सुमारे निम्मी हमाल, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी अशी बिगरलढाऊ होती. तिकडे प्रथम उतरली ती सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हे बंदर हाती आले आणि पुढील वर्षभर ही फौज टायग्रिस नदीच्या कडेने वर सरकत राहिली. प्रत्येक मुक्कामाची बातमी देशात विजयाची बातमी म्हणून पोहोचत होती, आणि आता बगदाद पडणार अशी अपेक्षा निर्माण झाली होती.

बगदाद पडले नाही. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादजवळच्या टेसिफॉन येथे झालेल्या लढाईत या डिव्हिजनची सुमारे साडेचार हजार माणसे मृत वा जखमी झाली आणि फौजेला माघार घ्यावी लागली. जखमींना नदीपर्यंत नेण्यासाठी खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या गाड्या होत्या. मोडलेली मांडी घेऊन अशा गाडीत काही मैल पडून राहणे म्हणजे काय, याची कल्पना बैलगाडीतून आजाऱ्याला तालुक्याला नेलेल्या माणसाला थोडीफार करता येईल. नदीवर त्यांना बोटींत आणि बोटींना बांधलेल्या उघड्या पडावांत भरण्यात आले आणि बसऱ्याचा प्रवास सुरू झाला.

याच सुमारास वरिष्ठांकडे एक तार गेली. जखमींची सर्वसाधारण प्रकृती अतिशय समाधानकारक असून, कठीण परिस्थितीतही वैद्यकीय व्यवस्था उत्तम रीतीने पार पडली, असा तिचा आशय होता. आपण या तारेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सरकारदरबारी पोहोचलेले युद्ध हे तारेतले युद्ध होते.

बसऱ्याच्या बंदरात मेजर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील एक डॉक्टर रुग्णवाहू जहाजावर जखमींची वाट पाहत उभे होते. संध्याकाळच्या उजेडात ‘मजिदिया’ ही बोट दोन पडावांसह जवळ येऊ लागली, तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंड लोंबत असल्याचा त्यांना भास झाला. बोट आणखी जवळ आल्यावर दुर्गंधी आली आणि मग उलगडा झाला. ते दोरखंड नव्हते, वाळलेली मानवी विष्ठा होती. माणसे इतकी दाटीवाटीने टाकलेली होती की, त्यांना कडेपलीकडे सरकणेही शक्य नव्हते. हगवणीने भरलेल्या डेकवर कोणी घोंगडी पांघरून, कोणी उघडाच पडला होता. हाड मोडलेल्या एका माणसाला विलायती दारूच्या खोक्याच्या फळ्यांनी बांधलेले होते. कार्टर यांनी हे सगळे वरिष्ठांना स्पष्टपणे सांगितले, तेव्हा त्यांना लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी देण्यात आली. त्यांनी माघार घेतली नाही, आणि म्हणूनच आज आपल्याला ती बोट दिसते.

लंडनला नेमलेल्या चौकशी आयोगासमोर हे सारे पुढे आले. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन होते. पुणेकरांना हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असायला हवे, कारण १८९७ च्या प्लेगच्या वेळी तेच भारतमंत्री होते. जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली आणि तत्कालीन भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. या राजीनाम्याची नोंद इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्या पडावातील माणसाची नोंद शोधावी लागते.

टेसिफॉनहून मागे हटलेली उरलेली डिव्हिजन कुत अल अमारा या नदीकाठच्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की सैन्याने तिला वेढा घातला होता. शत्रूच्या गोळीपेक्षा भूक मोठी झाली, तेव्हा घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस देण्यास सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, परंतु हिंदी शिपायांतील फार मोठ्या संख्येने नकार दिला. सरकारने भारतातील हिंदू आणि मुस्लिम धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशाने मागवून घेतली, तरीही नकार कायम राहिला. त्यामागे धर्मभावना तर होतीच, पण आणखी एक भीती होती आणि ती अधिकाऱ्यांच्या कानावरही आली होती: उद्या गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, जातीत घेतील की वाळीत टाकतील, आपल्या मुलाबाळांची लग्ने जमतील की नाही. धर्मगुरूची संमती दिल्लीहून आली तरी गावची पंगत तिला बांधील नव्हती, हे त्या शिपायाला पक्के ठाऊक होते.

मला या संपूर्ण हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत जड वाटते. घरच्यांची युद्धाविषयीची समजूत सामान्यतः सैनिक परतल्यावर त्याला सलते, असे आपण मानतो. इथे ती हजारो मैल ओलांडून खंदकात आली आणि त्याच्या ताटाशी बसली. गावाने पाठवणी करताना शौर्य मागितले होते आणि आचारही मागितला होता; या दोन्ही मागण्या एकाच उपाशी शरीराकडून पुऱ्या व्हायच्या होत्या. परिणाम आजारांत दिसला. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी वाढला, तर आट्यावर राहिलेले पण मांस वर्ज्य केलेले हिंदी शिपाई स्कर्व्हीने हिरड्या सुजून, पाय जड होऊन कोसळू लागले; हे दोन्ही आजार जीवनसत्त्वांच्या अभावाचे. एप्रिलमध्ये अखेर बहुतेकांनी घोड्याचे मांस स्वीकारले, पण तोवर उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडही आकाशातून उतरवले गेले. वेढा फोडण्यासाठी खालून येणाऱ्या फौजांची सुमारे २३ हजार माणसे मृत वा जखमी झाली, तरीही त्या कुतपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेण्यात आले आणि अनेक हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातील रास अल ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. कैदेत चार हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी कैदेचा काळ इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात घालवला, त्याच काळात त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९२० मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडूनही आले.

कैदी रेल्वेमार्गावर खडी टाकत असताना मायदेशात सैनिकभरतीचा वाद रंगला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईत भरलेल्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी स्वराज्याचा प्रश्न काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभागृह सोडून निघून गेले. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळालेच पाहिजे, ही टिळकांची मागणी अगदी रास्त होती. तरीही सरकारपक्षाला किती माणसे हवीत आणि देशाने कोणत्या अटीवर ती द्यावीत, एवढ्यातच त्या वेळची चर्चा घोटाळत राहिली. गेलेल्या माणसाने काय पाहिले, हा प्रश्न तिच्यात आला नाही.

युद्ध संपल्यावर जे परतले, त्यांच्या स्वागताला गाव पूर्वीचे राहिलेले नव्हते. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने त्याच वर्षीच्या शरद ऋतूत घरेच्या घरे रिकामी केली होती आणि पाऊस न झाल्याने दख्खनेत दुष्काळ पडला होता. मरण गावाने स्वतःच्या उंबरठ्यावर पाहिले होते, त्यामुळे परदेशातील मरणाची चौकशी करण्याइतके बळ अनेक घरांत उरले नव्हते. जिथे चौकशी झाली, तिथे ती लढाईची झाली असणार. पोवाड्यांवर वाढलेल्या कानांना गडाची चढाई, तलवारीचा वार आणि फत्ते झाल्याची तोफ ओळखीची असते. पाच महिने एका गावात उपाशी बसून राहणे, हगवणीने शेजारचा सोबती जाणे, शेवटी हुकुमावरून बंदूक खाली ठेवणे आणि तरीही पळून न जाणे, या धैर्यासाठी गावाकडे शब्द नव्हते, आणि ज्याच्या अंगावरून हे गेले त्याने ते कोणत्या तोंडाने सांगावे? घोड्याच्या मांसाविषयी तर त्याने मौन पाळणेच शहाणपणाचे होते.

पुढे इराकमध्ये ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा स्मारक उभे राहिले. त्याच्या शिळांवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिण्यात आली. १९९७ मध्ये इराकी सरकारच्या आदेशाने हे संपूर्ण स्मारक बंदराजवळच्या जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यालगत, वाळवंटात हलवण्यात आले. तिथे मराठा पलटणींच्या नावांखाली ते आकडे आहेत, आणि इकडे आपल्या गावांतील संगमरवरी फलकांवरही आकडेच आहेत.