मामाची सही, आईची जमीन

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, इंडोनेशियातील एका खेड्यात जमिनीचे सरकारी प्रमाणपत्र आल्यावर काय होते, असा माझा विषय पत्रिकेत छापला आहे आणि मी त्यावरच बोलणार आहे. मात्र कागद येण्यापूर्वी तिथली जमीन कोणाची होती हे समजल्याशिवाय कागदाने काय बिघडवले ते समजणार नाही, म्हणून थोडे मागून सुरू करतो. 'थोडे' या शब्दावर पहिल्या रांगेत माझी पत्नी का हसली, ते आपल्याला तासाभराने कळेल.

मी बत्तीस वर्षे मोजणी खात्यात काढली. निवृत्तीनंतर, मुलगी भातशेतीच्या अभ्यासासाठी पश्चिम सुमात्रात होती तेव्हा, तिच्याकडे दोन महिने राहिलो. गाव मारापी ज्वालामुखीच्या उतारावर, तानाह दातार जिल्ह्यात आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण पुढे ज्या कुटुंबाविषयी बोलायचे आहे ते तिथे सर्वांच्या ओळखीचे आहे. हा मिनांगकाबाऊ लोकांचा मुलूख. इंडोनेशियात इतरत्र गावाला 'देसा' म्हणतात, म्हणजे आपला देश. इथे गावाला 'नगारी' म्हणतात, म्हणजे आपली नगरी. तीन-चार वस्त्या, एक मशीद, भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली, उन्हाने कडा आत वळू लागलेली दालचिनीची साल एवढ्या ऐवजाला नगरी म्हणणाऱ्या माणसांचा आत्मविश्वास मला पहिल्याच दिवशी आवडला.

आता मूळ प्रसंग. आम्ही ज्यांच्या घरी राहत होतो त्या सत्तरीच्या बाईंना मी सगळ्यांप्रमाणे 'आमाक', म्हणजे आई, म्हणत असे. एका दुपारी त्यांनी कॉफीच्या पानांचा काढा नारळाच्या करवंटीतून दिला. (डच सरकारने १८४७पासून या भागात कॉफीची सक्ती केली, बिया सगळ्या सरकारजमा होत, तेव्हा लोक पाने उकळून पिऊ लागले, असे तिथे सांगतात.) करवंटी हातात घेऊन, समोरच्या खाचराकडे बोट दाखवून, मी आयुष्यभर विचारत आलो तोच प्रश्न विचारला: ही जमीन कोणाची? दुभाष्या होता त्यांचा भाचा, जाकार्ताहून सुटीवर आलेला. आमाक म्हणाल्या, "आमची." आमची म्हणजे कोणाची? "आमच्या घराची." नांगरतो कोण? "थोरल्या बहिणीचा जावई." भात कोणाकडे जाते? "यंदा माझ्याकडे, पुढच्या वर्षी बहिणीकडे, मग धाकटीकडे." बरे, नाव कोणाचे? त्यांनी एक नाव सांगितले. मी वहीत लिहून घेतले आणि या बाई कुठे राहतात म्हणून विचारले, तर भाचा हसू लागला. ती आमाकच्या आजीची आई होती.

मृत खातेदार मला नवे नाहीत. आपल्याकडे पणजोबांच्या नावावरचा सातबारा घेऊन तलाठ्याच्या दारात बसलेली चार माणसे कोणत्याही सोमवारी दिसतात. फरक एवढाच, की आपल्याकडे ती राहून गेलेली वारसनोंद असते आणि तिथे तीच रीत आहे. त्या पूर्वज स्त्रीपासून मुलीकडे, मुलीच्या मुलीकडे जमीन येते. ती कोणा एकीची होत नाही. फक्त कोणत्या वर्षी कोणी कसायची हे घरात ठरते. हिला 'हार्ता पुसाका तिंगी', वरची वडिलोपार्जित मालमत्ता, म्हणतात. खरे तर इथे 'वडिलोपार्जित' हा शब्दच खोटा ठरतो. पण 'आयोपार्जित' असा शब्द आपल्या कोणत्याही फॉर्मवर मला सापडला नाही. यातला 'हार्ता' म्हणजे आपला 'अर्थ', संस्कृतातून गेलेला.

संध्याकाळी आमाकचे धाकटे भाऊ मोटारसायकलवरून आले. हे त्या कुटुंबाचे 'मामाक कपाला वारिस'. मामाक म्हणजे आईचा भाऊ, कपाला म्हणजे आपले कपाल अर्थात डोके, आणि वारिस म्हणजे अरबीतून तिकडेही गेलेला आपला वारस; तेव्हा मराठी माणसाला या पदाचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. बहिणींच्या जमिनीचा व्यवहार त्यांच्या सहीशिवाय होत नाही आणि बहिणींच्या संमतीशिवाय ते सही करू शकत नाहीत. मी त्यांना म्हणालो, म्हणजे जमीन तुमची नाही. नाही. राहता ते घर? ते बायकोच्या आईचे. तुमच्या मुलांची शेती? ती त्यांच्या आईकडून येईल. मग तुमचे काय? त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "ही. हप्ते अजून चालू आहेत."

आपण हसलात, पण हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अचूक होते. स्वतःच्या कमाईचे जे असते ते मिनांगकाबाऊ पुरुषाच्या मागे इस्लामी वारसाकायद्याने त्याच्या मुलांना आणि पत्नीला मिळते. जे आईकडून आले ते बहिणींच्या मुलांकडे राहते. पतीला तिथे झाडाच्या बुंध्यावरच्या राखेची उपमा देतात. वारा आला की उडाली. 'रुमाह गादांग' या म्हशीच्या शिंगांसारखे छप्पर असलेल्या मोठ्या घरात खोल्या असतात त्या विवाहित मुलींच्या. पुरुष रात्री येतो तो पाहुणा म्हणून. मुलगा थोडा मोठा झाला की पूर्वी तो 'सुराऊ'त, म्हणजे वस्तीच्या प्रार्थनाघरात, निजायला जाई, कारण आईच्या घरात त्याला खोलीच नसे.

म्हणूनच तो गाव सोडतो. याला 'मरांताऊ' म्हणतात आणि माझ्या मते जमीन व प्रवास या तिथे दोन गोष्टी नाहीतच. ज्याला गावात स्वतःचे काही नाही तो कमावण्यासाठी बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडतो म्हणून जमिनीचे तुकडे करण्याची वेळ येत नाही. तिथल्या एका जुन्या पदाचा भाव असा आहे, की अविवाहित तरुणाने आधी परदेशी जावे, घरी त्याचा अजून उपयोग नाही. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष महंमद हत्ता बुकित्तिंगीचे आणि स्वातंत्र्यलढ्यातले क्रांतिकारक तान मलाका पांदाम गादांग नावाच्या लहानशा नगारीचे, हे योगायोग नव्हेत. इंडोनेशियाच्या शहराशहरांत जी पादांग खाणावळ दिसते, तीही याच वाटेने गेलेल्यांनी उभी केली.

प्रवासाविषयी मला तक्रारही नोंदवायची आहे. विमानतळावरून गावी नेणाऱ्या सामायिक गाडीला तिथे 'ट्रॅव्हल' म्हणतात. आपण 'ट्रॅव्हल्सने आलो' म्हणतो तसेच, फक्त ही गाडी प्रत्येकाला त्याच्या दारातून उचलते आणि दारात सोडते. सोय उत्तम, पण सात जणांची दारे, एक भाताचे पोते, कोणाच्या तरी मावशीला द्यायचा भात शिजवण्याचा कुकर आणि चालकाच्या सासुरवाडीचा चहा मिळून तीन तासांच्या वाटेला साडेसहा तास लागले. चालकाला मी घराचा क्रमांक सांगत होतो, तो मला कुळाचे नाव विचारत होता. शेवटी आमाकचे नाव सांगितल्यावर गाडी थेट दारात उभी राहिली. त्या गावात पत्तासुद्धा बाईच्या नावाने लागतो. मे २०२४मध्ये मारापीवरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने लेम्बाह आनाईच्या घाटातला रस्ता वाहून गेला, तेव्हा या गाड्या लांबच्या वळणाने कशा जात होत्या याचीही एक हकीकत आहे, परंतु...

परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे. तेव्हा मूळ विषयाकडे.

या जमिनीची विक्री रूढीला मान्य नाही. गहाण चालते, तेही चार कारणांसाठी: घरात प्रेत पडले आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, उपवर मुलीचे लग्न अडले आहे, मोठे घर गळते आहे, किंवा कुळप्रमुखाचे रिकामे पद पुन्हा भरायचे आहे. गहाणाची रक्कम पूर्वापार सोन्यात मोजतात, त्यामुळे चाळीस वर्षांनी सोडवली तरी महागाईने कोणी बुडत नाही. मुलाच्या महाविद्यालयाची फी या चारांत बसत नाही, आणि आजचे बरेचसे वाद नेमके तिथून सुरू होतात.

या रीतीवर धर्माच्या बाजूने हल्ला झाला. मक्केत इमाम असलेले याच मुलखातले अहमद खातीब यांनी तिला कडाडून विरोध केला. अखेर १९५२मध्ये बुकित्तिंगीच्या परिषदेत आईकडची जमीन रूढीने आणि स्वकमाई शरियतीने अशी वाटणी मान्य झाली. राज्याच्या बाजूने १९६०चा भूमी कायदा आला. त्याने सामूहिक हक्क मान्य केला, पण 'तो अजून अस्तित्वात असेल तर' अशी अट घातली. मग गावच बदलले. १९७९च्या कायद्याने देशभर एकच साचा आणला आणि १९८३मध्ये पाचशेहून अधिक नगाऱ्यांच्या तीन हजारांवर देसा झाल्या, कारण अनुदान गावागणिक मिळत होते. २०००नंतर नगाऱ्या परत आल्या, पण मधल्या काळात सीमांच्या खुणा जाणणारी म्हातारी माणसे गेली होती.

आता प्रमाणपत्र. बँकेला तारण हवे असते म्हणून कागद हवा असतो, आणि कागदाला नाव हवे असते. बहुधा मामाचे नाव लागते, कारण सही त्यांचीच चालते. मामा गेल्यावर त्यांची मुले, जी आईमुळे दुसऱ्या कुळाची असतात, तो कागद घेऊन कोर्टात जातात: नाव आमच्या वडिलांचे, म्हणून जमीन आमची. सामूहिक नावाने नोंद करण्याची सोय आहे, पण तीत सगळ्या बहिणींच्या आणि परगावी गेलेल्या सगळ्या भाच्यांच्या संमती जमवाव्या लागतात. मोजणीदार म्हणून मी शपथेवर सांगतो, की खाचराचा बांध मोजणे त्यापुढे सोपे आहे.

आमाकच्या घरानेही अर्ज तयार केला होता. भाच्याला जाकार्तात दुकान टाकायचे होते आणि त्यासाठी कर्ज हवे होते. मालकाच्या रकान्यात आमाकने तीन बहिणींची नावे लिहायला सांगितली होती. भाच्याने पेन्सिलने मामांचे नाव लिहिले होते, कारण कचेरीत तेच लवकर होईल असे त्याला कोणीतरी सांगितले होते. गेल्या महिन्यात मुलीला निरोप आला, त्यात पिकाची, पावसाची आणि मोटारसायकलचे हप्ते फिटल्याची बातमी होती, आणि शेवटी एक ओळ: मामांनी अजून सही केलेली नाही.