दोन आकडे: एक भागाकार, एक गुणाकार

[टेबलावर विद्युतघट, एक रोधक, दोन मीटर. मीटरांचे आकडे जवळून.]

व्होल्टमीटर विद्युतदाब दाखवतोय, 12 व्होल्ट. अ‍ॅमीटर धारा दाखवतोय, 2 अँपिअर. हा रोधक कशाचा आहे, आतली तार किती लांब आहे, आपल्याला ठाऊक नाही. तरीही या दोन आकड्यांवरून दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. 12 भागिले 2, म्हणजे रोध 6 ओहम. 12 गुणिले 2, म्हणजे शक्ती 24 वॅट.

आधी गुणाकार पाहू, कारण तो सोपा आहे. 12 व्होल्ट याचा अर्थ, या रोधकातून जाताना प्रत्येक कूलोम प्रभार 12 ज्यूल ऊर्जा सोडतो. 2 अँपिअर याचा अर्थ, दर सेकंदाला असे 2 कूलोम जातात. मग सेकंदाला 24 ज्यूल झाले, आणि सेकंदाला एक ज्यूल म्हणजेच एक वॅट. एककांचा अर्थ कळला की हे सूत्र पाठ करावं लागत नाही.

भागाकाराचं तसं नाही. दाब दुप्पट केला की धाराही दुप्पट होईल, हे कोणत्याही व्याख्येतून निघत नाही. ते निसर्गालाच विचारावं लागलं.

[जुन्या पद्धतीची मांडणी: दोन धातूंचा सांधा, उकळतं पाणी, बर्फ, टांगलेली चुंबकसूची.]

विचारणारा होता गेऑर्ग ओहम, कोलोन शहरातला शाळाशिक्षक. त्याची मोठी अडचण होती विद्युतघटाची. त्या काळचे घट वापरता वापरता मंद पडत. दाबच जागेवर राहिला नाही, तर धारा तारेमुळे कमी झाली की घटामुळे, हे कळणार कसं? पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला वेगळी वाट सुचवली: तांबं आणि बिस्मथ या धातूंचे दोन सांधे करायचे, एक उकळत्या पाण्यात ठेवायचा, दुसरा बर्फात. तापमानातल्या फरकामुळे थोडासा, पण स्थिर दाब मिळतो. मग ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते यावरून धारा मोजली. मला या प्रयोगातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की त्याच्या समीकरणात बाहेरच्या तारेसोबत उरलेल्या मंडलाच्या, म्हणजे धारेच्या बाकीच्या वाटेच्या, रोधालाही जागा होती. 1827 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. सुरुवातीला स्वागत थंडच झालं. रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं ते 1841 मध्ये.

[पुन्हा टेबल. व्होल्टमीटरच्या तारा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारे हात.]

उरलेल्या मंडलाचा रोध आजही मोजणाऱ्याला चकवतो. अ‍ॅमीटर एकसर, म्हणजे धारेच्या वाटेतच, जोडायचा, व्होल्टमीटर समांतर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण समांतर म्हणजे नेमका कुठे? समजा रोधक 1 ओहमचा आहे आणि अ‍ॅमीटरचा स्वतःचा रोध 0.1 ओहम. व्होल्टमीटर दोघांच्या मिळून टोकांना लावला, तर भागाकार येईल 1.1 ओहम. दहा टक्के चूक, आणि मीटर दोन्ही निर्दोष! म्हणून रोध लहान असेल तर व्होल्टमीटर थेट रोधकाच्याच टोकांना लावावा. रोध फार मोठा असेल तर उलट करावं, कारण तिथे व्होल्टमीटरमधून वळणारी इवलीशी धाराही हिशेब बिघडवते.

[दिवा बंद. मग प्रकाशतो.]

आता तारेचा जुना दिवा घेऊ: 240 व्होल्ट, 60 वॅट. 60 भागिले 240, म्हणजे धारा पाव अँपिअर. 240 भागिले 0.25, म्हणजे रोध 960 ओहम. हाच दिवा काढून, थंड असताना मल्टिमीटरने तपासला, तर रोध याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. मल्टिमीटर बिघडलेला नाही. पेटलेल्या दिव्यात टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापलेली असते, आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. म्हणजे भागाकाराने मिळतो तो त्या क्षणाचा, त्या तापमानाचा रोध. दिवा लावल्याच्या पहिल्या क्षणी धारा पाव अँपिअरच्या कितीतरी पट उसळते. जुने दिवे बहुधा बटण दाबतानाच उडत, त्यात या उसळीचा वाटा असे.

धारेचा वर्ग गुणिले रोध, असंही शक्तीचं सूत्र लिहिता येतं. 1840 च्या सुमारास जेम्स ज्यूलने तारेतून धारा सोडून भोवतीचं पाणी किती तापतं हे मोजलं आणि हाच वर्ग त्याच्या हाती आला. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. बारीक तारेवर जास्त भार टाकला की ती का पोळते, ते इथे कळतं.

एक सावधगिरी मात्र हवी. एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या धारेवर, चालणाऱ्या मोटरला व्होल्ट गुणिले अँपिअर एवढं पुरत नाही. तिथे दाब आणि धारा एकाच वेळी शिखर गाठत नाहीत, म्हणून ही तफावत हिशेबात घेणाऱ्या आकड्याने, पॉवर फॅक्टरनेही, गुणावं लागतं.

[आलेख: एक सरळ रेषा, एक वाकणारी.]

शेवटी एक हीटर आणि आपला दिवा, दोघांना अर्धा दाब देऊन पाहू. 960 वॅटचा हीटर 240 व्होल्टवर 4 अँपिअर घेतो. रोध 60 ओहम. त्याच्या नायक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) तारेचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. म्हणून 120 व्होल्टवर धारा जवळजवळ 2 अँपिअर आणि शक्ती सुमारे 240 वॅट, म्हणजे जवळजवळ पाव. दिव्याची गोष्ट निराळी. दाब अर्धा झाला की त्याची तार कमी तापते, रोध उतरतो, धारा निम्म्यावर न येता त्याहून वरच राहते. शक्ती 15 वॅटपेक्षा जास्त भरते. नेमकी किती, ते 240 व्होल्टच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. 120 व्होल्टवर अ‍ॅमीटर पुन्हा वाचावा लागेल.