केडगावच्या बायांचं मागणं

(दृश्य: केडगाव स्टेशन, सकाळ. गाडी निघून जाते. रुळांपलीकडे ऊस.)

पुण्याहून दौंडकडे निघालं की यवतच्या पुढे केडगाव लागतं. आज इथे ऊस दिसतो, त्यावर जाऊ नका. सव्वाशे वर्षांपूर्वी हा कोरडा पट्टा होता. पंडिता रमाबाईंनी इथे सुमारे १०० एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. संत्री, लिंबं, आंबे लावायचे आणि त्या उत्पन्नावर पुण्याचं शारदासदन, म्हणजे विधवा-मुलींसाठीची त्यांची निवासी शाळा, चालवायचं, असा साधा हिशेब होता. अमेरिकेतल्या मंडळाने मदत कबूल केली होती ती १८८९ पासून दहाच वर्षांची. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

(दृश्य: रमाबाईंचं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.)

प्रार्थना करकरून हात रिकामेच राहणं म्हणजे काय, हे या बाईंनी विशीच्या आत पाहिलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थंतीर्थं फिरायचे. दुष्काळ पडला. गाठीचा पैसा पूजेत, दानात संपला. अनुष्ठानं झाली, उपास झाले, शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात शिरले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. त्या रात्रीचं चित्र कुठून आणणार? म्हणून आम्ही छायाचित्रावरच थांबलोय.

पुढे कलकत्ता, 'पंडिता' ही पदवी, लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा, पुणे, मग इंग्लंड आणि १८८३ साली बाप्तिस्मा. शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकर बाजूला झाले. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. आपण लोणावळ्याला जाऊ.

(दृश्य: लोणावळा. धुकं, झाडी, पायवाट.)

साल १८९६. ख्रिस्ती मंडळींच्या शिबिराला रमाबाई आल्या, बरोबर येशूवर विश्वास ठेवलेल्या त्यांच्या १५ मुली. पहाटे त्या रानात गेल्या आणि तिथे त्यांनी देवाकडे आकडा मागितला. या पंधरांचा वर्ग कर. १५ गुणिले १५, २२५. तेही पुढच्या शिबिराच्या आत. सदनात तेव्हा मुली होत्या ५० च्या आतबाहेर.

'देवा, सगळ्यांचं भलं कर' असं मागण्यात जोखीम नसते. झालं काय, न झालं काय, कुणाला पत्ता लागत नाही. आकडा मागणाराची मात्र पत पणाला लागते. बायबलातल्या यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात देव विचारतो, मला काही अवघड आहे काय? रमाबाईंनी ते वचन धरून ठेवलं.

उत्तर आलं, पण असं उत्तर कुणी मागून घेणार नाही. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि ३०० च्या आसपास मुली, बाया घेऊन आल्या. हाडांचे सापळे नुसते. पुण्यात प्लेग, शहरात त्यांना ठेवायची सोय नाही. मग केडगावच्या त्या शेतावर तंबू पडले, छपरं उभी राहिली. फळबाग बाजूला राहिली आणि मुक्तिसदन उभं राहिलं.

(दृश्य: विहीर. वरून खाली. पाण्यात आभाळ.)

१९०० साली पुन्हा दुष्काळ, या खेपेला गुजरातेतून मुली आल्या. माणसं २,००० च्या घरात गेली. त्यांना पाणी कुठलं? मुक्तीच्या आठवणींत सांगतात, की संध्याकाळपर्यंत विहिरींचा तळ दिसायचा आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी पुन्हा झिरपलेलं असायचं. भूगर्भशास्त्राला याचं नवल वाटणार नाही. पण रोज सकाळी आत डोकावायच्या आधी २,००० माणसांची तहान डोक्यावर घेऊन गुडघे टेकणारीला काय वाटत असेल, ते वेगळं.

(दृश्य: दगडी चर्च, आतून. मुली रांगेने येऊन बसतात.)

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका गावात एक न्यायाधीश, देवाला न भिणारा, माणसाला न मानणारा. त्याच्याकडे एक विधवा रोज येते. माझा न्याय कर. तो टाळतो, ती येतच राहते. शेवटी तिच्या चिकाटीला कंटाळून तो न्याय करतो. खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून हा दाखला. येशूने यासाठी माणूस निवडलं ते विधवा. आणि इथे तर घर भरून विधवा होत्या. केस उतरवलेल्या, टाकलेल्या, ज्यांनी काही मागायचंच नाही असं ज्यांना लहानपणापासून बजावलेलं. या बाया इथे मागायला शिकल्या. आमच्या मते मुक्तीची खरी कमाई ही.

१९०३ मध्ये रमाबाईंनी मनोरमाला आणि मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्सबाईंना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिथे घरोघरी प्रार्थनेचे गट चालतात असं कानावर आलं होतं, ते बघून यायला. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? ७० जणी पुढे आल्या. दळण, विणकाम, शेत, शाळा, आजाऱ्यांचं बघणं, यातलं काही सुटत नव्हतं. तरी रोज जमायचंच. काहीही घडत नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा गेला. जूनपर्यंत जमणाऱ्या ५५० झाल्या, दिवसातून दोनदा.

(दृश्य: रात्र. वसतिगृहाचा व्हरांडा, एकच दिवा.)

२९ जूनच्या पहाटे एक मुलगी रडत, प्रार्थना करत उठली. शेजारणीला तिच्या अंगावर जाळ दिसला. ती पाण्याची बादली आणायला धावली. बादली ओतायच्या बेतात तिच्या लक्षात आलं, की आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या आणि सगळी सभा रडून प्रार्थना करू लागली. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

(दृश्य: मुलींची प्रार्थना. फक्त आवाज, निवेदन नाही.)

अब्राम्सबाईंनी यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वालपराइसोला पोचली, तिथे १९०९ मध्ये मोठी चळवळ उभी राहिली.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बाया.)

या सगळ्या धांदलीत रमाबाईंची बैठक सुटली नाही ती एका कामापासून. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर मांडलं, खेड्यातल्या, जेमतेम शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. काम सुमारे १८ वर्षं चाललं. खिळे जुळवायच्या मुक्तीतल्याच बाया, छापायच्याही त्याच. ज्या हातांना कुणी कधी पाटी दिली नव्हती, ते हात इथे जुळणी करत होते. शेवटची प्रुफं तपासायला रमाबाईंनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, असं मुक्तीत सांगतात. इथेही आकडाच.

मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई झोपेतच गेल्या. बायबल छापून बाहेर पडलं १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून.