लेकराचं ऐकायचं आहे

श्रोतेहो, नमस्कार.

मी समुपदेशक. लेकराला आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते, किंवा घरचे मुलगी म्हणतात ते लेकरू स्वतःला मुलगा मानतं, म्हणून माझ्याकडे आलेले आईवडील बहुधा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलून मोकळे होतात. "मॅडम, एवढं हिच्या डोक्यातलं काढून टाका." शेजारी पंधरा वर्षांचं लेकरू पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत बसलेलं. ते माझ्याकडे बघतही नाही. का बघावं? माझ्याआधी अंगारे-धुपारे झालेले असतात, फोन काढून घेऊन कोंडून ठेवलेलं असतं, "लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर" हेही ऐकवून झालेलं असतं. आणि कधी कधी, सांगताना फार वाईट वाटतं, हे "बरं" करायला एखाद्या डॉक्टरनंच गोळ्या दिलेल्या असतात.

मदुराईच्या दोन तरुणींचं एकमेकींवर प्रेम होतं. घरच्यांच्या विरोधामुळे त्या चेन्नईला आल्या आणि संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आपल्याही मनात पूर्वग्रह आहेत हे उघड कबूल केलं आणि विषय समजून घ्यायला ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. मला याचं फार मोल वाटतं. मग 7 जून 2021 रोजी त्यांनी आदेश दिला: कुणाबद्दल ओढ वाटते तो लैंगिक कल, किंवा स्वतःला बाई मानतो की पुरुष ती लिंगओळख, औषधोपचारानं बदलू पाहणं बंद, आणि तसं करणाऱ्या व्यावसायिकाचा परवानाही जाऊ शकतो. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की असे बदलू पाहणारे उपचार, ज्यांना कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, ते व्यावसायिक गैरवर्तन आहे.

हे डॉक्टरांपुरतं झालं. गावातल्या बाबाला कुठल्या वैद्यक परिषदेची भीती?

पालक विचारतात, मग या मुलांशी बोलायचंच नाही का? अहो, बोलायचं, भरपूर बोलायचं! बंदी आहे ती उत्तर आधी ठरवून लेकराला तिकडे ढकलत नेण्यावर. एका मुलानं, म्हणजे घरचे ज्याला मुलगी म्हणत होते त्यानं, पहिली तीन सत्रं फक्त शाळेच्या गणवेशाबद्दल सांगितलं. जूनमध्ये स्कर्टचं माप द्यायला शिंप्याकडे गेलं की पोटात गोळा यायचा. मी विचारत गेले, हे कधीपासून? झोप लागते का? शाळेत कुणी त्रास देतं का? "तू नक्की कोण?" हे मी विचारलं नाही. काही मुलं पुढे ठामपणे सांगतात, काहींचं मन बदलतं, काहींना वर्षं लागतात. मला कशाचीच घाई नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात आपली लिंगओळख जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाशी न जुळणं हे मानसिक विकारांत धरलेलं नाही. घुसमट मात्र खरी असते. तिच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनीही करावा.