आधी पाणी, मग फडकं

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग, सकाळ. धुळीने माखलेली काळी सेडान कोरड्या फडक्याने पुसली जाते आहे.]

एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या दहा-बारा गाड्या. आठ वाजेपर्यंत सगळ्या चकचकीत दिसतात. दुपारी यातल्याच एखाद्या गडद गाडीच्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब नीट पाहा. त्याभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसेल.

खरं तर त्या रेघा गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असंख्य ओरखडे असतात. ठरावीक कोनात असलेलेच प्रकाश परतवतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं भासतात. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवरून फिरवला, तर वर्तुळंही टॉर्चबरोबर सरकतात.

[दृश्य: रंगाच्या थरांची आकृती.]

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा ते दहावा भाग. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. चकाकी त्याची आणि ऊन अडवण्याचं कामही बरंचसं त्याचंच. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. ते काचेपेक्षाही कठीण असतात, मग क्लिअर कोटचं काय चालणार? कोरडं फडकं हेच कण गाडीभर ओढत नेतं. झटकणीही तेच करते. फटाक्यांची राख, बांधकामाची धूळ, कोकणातली लाल माती, काहीही असो, पाणी ओतल्याशिवाय हात लावायचा नाही.

[दृश्य: सावलीत उभी गाडी. दोन बादल्या.]

धुण्याआधी बॉनेटवर पालथा हात ठेवून पाहा. पत्रा कोमट असेल तर थांबा, कारण गरम पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतो. सुरुवात चाकांपासून करा. रिमवर ब्रेकमधून उडालेली लोखंडी पूड असते, म्हणून त्यांचा ब्रश आणि पाणी वेगळं. मग छतापासून खाली भरपूर पाणी सोडा. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी पसरट धार हवी आणि नोझल निदान फूटभर लांब. खडा लागून टवका उडाला असेल तिथे धार रोखू नका, कडेचा रंग सोलून निघतो.

दोन्ही बादल्या 15 ते 20 लिटरच्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात. दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा मऊ झुपकेदार हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून पुन्हा शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचणारा गाळ पाहिला, की एका बादलीत काय होत असेल ते कळतं. सपाट स्पंज नको, कण त्याच्या पृष्ठभागावरच राहतात. हात सरळ रेषेत चालवा, दाब देऊ नका. क्रम छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर सर्वांत शेवटी, कारण सगळ्यांत जास्त माती-वाळू तिथेच असते. हातमोजा जमिनीवर पडला, तर स्वच्छ धुतल्याशिवाय गाडीला लावू नका.

भांड्यांचा साबण रंगावरचा वॅक्सचा संरक्षक थर उतरवतो. कपड्यांच्या पावडरीचे न विरघळलेले कण घासले जातात. पाण्यात रॉकेल किंवा डिझेल टाकून पुसण्याची पद्धत अजून आहे. त्याने दोन दिवस झळाळी दिसते, मग तेलकट पापुद्र्यावर दुप्पट धूळ बसते आणि दारांची रबरं फुगतात.

बोअरचं पाणी असेल तर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरा आणि अलगद ओढा. ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, मिनिटभराने धुऊन टाका. तरीही गेले नाहीत, तर क्षार क्लिअर कोटमध्ये उतरलेत. मग पॉलिशशिवाय इलाज नाही.

[दृश्य: हातात पातळ प्लास्टिकची पिशवी, बोटं बॉनेटवर फिरतात.]

धुतल्यावर पिशवी घातलेल्या हाताला खरखर जाणवली, तर रंगात कण रुतलेत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी. कणकेसारखा मळून चपटा करा, शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवा आणि हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. मळलेली बाजू आत दुमडत जा. खाली पडला की तो तुकडा कचऱ्यात. पैशाकडे पाहू नका.

आता पॉलिश. इथे सर्वाधिक घोळ होतो. पॉलिश म्हणजे लावायचा थर नव्हे, ते क्लिअर कोट किंचित घासून ओरखड्याच्या कडा सपाट करतं. गेलेला मायक्रॉन परत येत नाही. सर्व्हिसिंगबरोबर दरवेळी ‘रबिंग मारून’ घेणारे हाच थर संपवत असतात. ओरखड्यात नख अडकलं, तर तो पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागाल तर भोवतालचा कोट पातळ होईल.

नवख्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं, त्याचं पॅड गोल फिरता फिरता डुलतं. नुसतं गोल फिरणारी रोटरी एका जागी उष्णता साठवते, कडांवर रंग जाळते. काळ्या प्लास्टिकला आणि रबरांना मास्किंग टेप लावा. आधी दीड फुटाच्या चौकोनात चाचणी करा, सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने. पाच इंची पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन सुरू करण्याआधी ते पत्र्यावर टेकवा. सहापैकी चौथ्या-पाचव्या वेगावर, सेकंदाला इंच-दीड इंच, आडव्या-उभ्या चार ते सहा फेऱ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून टॉर्च मारा. पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं, ते निघाल्यावरच खरं काय ते दिसतं. सौम्य पॉलिशने भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशला, हात लावू नका. काही साध्या (मेटॅलिक नसलेल्या) रंगांवर, जुन्या गाड्यांवर तर हमखास, क्लिअर कोट नसतो. तिथे पॅडला रंग लागेल, घाबरू नका. मॅट रंगाला मात्र पॉलिशही नको आणि वॅक्सही.

वॅक्स सोपं. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गी झाडाच्या पानांवरचं मेण, वितळबिंदू 82 ते 86 अंश सेल्सिअस. आपल्या उन्हाळ्यात ते महिना-दोन महिने टिकतं, कृत्रिम सीलंट, म्हणजे वॅक्सच्याच कामाचा रासायनिक थर, त्याहून बरंच जास्त. फोमच्या पॅडने इतका पातळ थर द्या की जेमतेम दिसावा. बोट फिरवून पाहा, खाली स्वच्छ चकाकी दिसली की पुसायची वेळ झाली. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना घाम तेवढा निघतो. डबा घेताना लेबल वाचा. ‘क्लीनर वॅक्स’मध्ये घासणारे कण असतात, ते दर महिन्याला नको.

[दृश्य: आंब्याखाली उभी गाडी.]

मोहोराच्या दिवसांत आंब्यावरचे तुडतुडे चिकट द्रव टाकतात. वाळण्याआधी कोमट शाम्पूच्या पाण्याने तो निघतो. पक्ष्याच्या विष्ठेवर ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग उचला. खरवडू नका, उन्हात दिवसभर राहू देऊ नका. मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, सुती धागे त्यांना चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच, त्याने फडकं पाणी शोषेनासं होतं.