उताराच्या वावरात कोणतं झाड लावावं?

शेतकरी बंधू-भगिनींनो, रामराम.

मेळघाटचा पायथा असो की पुसद-घाटंजीकडचा डोंगरपट्टा, उताराच्या वावरात झाडं लावायची म्हटलं की पहिलं नाव सागाचं निघतं. माझी विनंती आहे, रोपं आणण्याआधी भर पावसात एकदा माथ्यापासून नाल्यापर्यंत वावर चालून या. पाणी कुठून पळतं, माती कुठे साचते, ते डोळ्यांनी बघा. एकाच वावरात जमीन तीनदा बदलते.

माथ्यावर बरड. वीतभर मातीखाली मुरूम. तिथे साग जगतो, पण खुरटतो. त्याला खोल, निचऱ्याची जमीन लागते. शिवाय सागाचं पान मोठं. त्यावरून जाड थेंब पडतो, अन् खाली गवत नसेल तर तो माती उखडतो. अशा जागी अंजन लावा. वाढ सावकाश, पण मूळ मुरमाच्या फटींतून खोल उतरतं, अन् पाला गुरं खातात. त्याचं सोटमूळ लवकर लांब होतं, पिशवीत मुडपतं. म्हणून बी जागेवरच टोबलेलं बरं. जोडीला सीताफळ. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. ज्याच्याकडे कुंपणाला पैसा नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मधल्या उतारावर आडवे, समपातळीत धुरे, म्हणजे बांध, घाला अन् धुऱ्यावर शिवण, आवळा, मानवेल बांबू लावा. पऱ्हाटी-तुरीवर सावली येऊ नये म्हणून शिवणीच्या खालच्या फांद्या दरवर्षी छाटा. बांबूचं आणखी एक सांगतो. 2017 साली वन कायद्यात बदल झाला, अन् खासगी शेतातला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. साग मात्र स्वतःच्या वावरातला असला तरी तोडायला परवानगी लागते. पोरीच्या लग्नाच्या खर्चासाठी साग लावणाऱ्यानं हे आधीच ध्यानात घ्यावं.

खाली काळी जमीन असेल तर गावरान बाभूळ. शेंगा शेळ्यांना, लाकूड वखराला. नाल्याचा काठ ढासळत असेल तर काटेरी कटांग बांबू. तोडायला त्रास देतो, पण काठ घट्ट धरून ठेवतो.

धुऱ्यावर जुना मोह उभा असेल तर तो राहू द्या. मार्च-एप्रिलात, हाताला काम नसताना, तोच घरात चार पैसे आणतो.

खड्डे उन्हाळ्यातच खोदून तापू द्या. दोन चांगले पाऊस झाले, ओल खोल गेली, की मगच रोप लावा.